माया

गोमाहुनमध्ये त्या साली शाळा बंद होती,
म्हणून मला वही दिली, थर्मामीटर दिला
आणि एकच प्रश्न : तिला कोण कोण शिवलं?

याताला जाऊन दोन दिवस झाले होते.
वांदी शिंपी उंबऱ्यावर बसून बोटं मोजत होता.
आईने पाणी पाजलं. पुतण्याने चटई उचलली.
आणि मी? मी काय सांगू मास्तर,
नऊ रात्री तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.
मांडी असा रकाना नव्हता.
मी लिहिलं : थेट संपर्क.

दारापुढे नारिंगी दोरी बांधली,
दोरीशी क्लोरीनची बादली.
एकवीस दिवस, म्हटलं.
तिघांच्या तीन थाळ्या, तीन पेले,
चटया तीन कोपऱ्यांत.
कणकण वाटली तर लपवायची नाही.
आणि जवळ घेणं नाही, रडतानाही नाही.
हे शेवटचं मी वहीत बघून बोललो.

जेबे, त्याची मुलगी, मावशीकडे होती, केनेमाला,
म्हणून यादीत नव्हती.
ती धावतच आली.
दोरीपाशी तिला थांबवायला मी ओरडलो,
वर्गात कधी ओरडलो नव्हतो इतका.

तिसऱ्या दिवशी वांदीने मशीन पडवीत ओढलं.
पेटीत निळं चौकड्यांचं कापड होतं.
शाळा उघडेल ना मास्तर, कधीतरी?
मुलीला म्हणाला, वळ. हात पसर. आता पाठ.
टेप गळ्यात तशीच.
डोळे बारीक करून सहा पावलांवरून
त्याने खांदा घेतला, छाती घेतली, उंची घेतली.
जन्मभर माणसांना शिवून कपडे शिवले,
आता न शिवता शिवायचं.
एकवीस दिवसांत पोर थोडी वाढेल, म्हणाला,
आणि शिवणीत बोटभर माया ठेवली.

अकराव्या दिवशी म्हातारी बोई : अडतीस पॉइंट सहा.
मी पोचायच्या आधीच तिचा निरोप आला होता,
मास्तरला सांगा, आज माझ्यापासून सुरू कर.
गाडी आली. वांदी उठला,
तिने काठी आडवी धरली.
अंगणात दोनदा बसली, दोनदा उठली,
पायरीला हात टेकून आपली आपण चढली.
मुलगा लांब, हात पाठीमागे,
जसा मी शिक्षा म्हणून पोरांना उभं करायचो.

ती परत आली नाही.

वांदीपुढचे अकरा खोडून मी एक लिहिला.
तो काही बोलला नाही. ब्लेड घेतलं,
शिवण उसवली,
आणखी बोटभर माया सोडली.

मग रोज सकाळी तेच.
मी थर्मामीटर कपाळावर रोखायचा,
तो डोळे मिटून घ्यायचा,
आणि दोरीबाहेरून जेबे विचारायची, किती?
छत्तीस पॉइंट चार. छत्तीस पॉइंट सात.
दशांश चिन्ह तिला मी तिथेच शिकवलं,
मातीत, काडीने.

दुसऱ्या एकविसाव्या दिवशी दोरी सोडली.
पुतण्या बॉल घेऊन केव्हाच पळाला.
फ्रॉक क्लोरीनमधून काढून वाळवलेला,
निळा विटून आभाळी झालेला,
एका बाहीवर पांढरा डाग.
बापलेक समोरासमोर, मधे काही नाही,
आणि दोघंही हलेनात.
अंगवळणी पडलं होतं.

शेवटी वांदीने गळ्यातली टेप काढली.
ये, बघू किती चुकलो.
टेप खांद्यावर ठेवली, आकडा वाचला,
बोटं उचललीच नाहीत.
मापं बरीच चुकली होती. फ्रॉक सगळीकडे सैल.
जेबे म्हणाली, असू दे, आत घेऊ नकोस.

मी शेवटच्या रकान्यात मुक्त असं लिहिलं,
हात धुतले, आणि मागच्या गल्लीत गेलो.
तिथे आज सातवा दिवस होता.